आबांचा आवाज कुठे गेला?

आमच्या घरात खाटेखाली एक पत्र्याची ट्रंक असायची. निळा रंग, कोपऱ्यांना गंज आणि कडीला कुलपाऐवजी सुतळी. घरातले सगळे कागद त्या ट्रंकेत. रेशनकार्ड, आबांचा गिरणीचा पास, आम्हा भावंडांचे शाळा सोडल्याचे दाखले, आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा, जातीचे दाखले आणि लग्नाकार्यातले दोन-चार फोटो. आबा म्हणायचे, "चोर आला तर भांडी नेऊ द्या, ट्रंकेला हात लावू देऊ नका." चोर कधी आला नाही. पाणी आले.

२६ जुलै २००५ चा तो दिवस. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आमच्या कुर्ल्याच्या बैठ्या खोलीत मिठी नदीचे पाणी छातीपर्यंत चढले. आबांनी ट्रंक डोक्यावर घेतली, पण तोवर ती निम्मी भरली होती. पुढचे आठ दिवस आमच्या घरात दोरीवर कपडे नव्हते, कागद होते. आई एकेक कागद सुटा करायची आणि आबा त्यावर जुन्या धोतराचा तुकडा ठेवून कोमट इस्त्री फिरवायचे. बरेच वाचले. आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यावरची शाई मात्र पसरली. जात पडताळणीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, तेव्हा तो कागद म्हणजे आमच्या घरात सोन्याहून मोलाचा. त्याचे काय झाले ते पुढे येईलच.

एवढा घोर लागलेल्या घरात पुढे फोन आला, आणि फोनबरोबर क्लाउड आला, तर आम्हाला केवढे हायसे वाटले असेल! आमच्या पुतण्याने २०१७ साली आमच्या पहिल्या टचच्या फोनवर एका मोठ्या कंपनीचे फोटोंचे ॲप चालू करून दिले. बोट छताकडे करून म्हणाला, "काका, आता सगळं वर जातं. फोन हरवला, पाण्यात पडला, तरी चिंता नाही." आम्ही वर पाहिले. वर पत्रे होते. पण विश्वास ठेवला. कंपनीचे नाव आम्ही येथे लिहीत नाही, कारण झाल्या चुकीतला मोठा वाटा आमच्या अज्ञानाचा आहे.

२०२० सालच्या टाळेबंदीत एका दुपारी आम्ही आबांना खाटेवर बसवले आणि फोनच्या रेकॉर्डरचे लाल बटण दाबले. चाळीस मिनिटे आबा बोलत होते. सातारा जिल्ह्यातल्या गावाहून मुंबईस कसे आले, गिरणीत बदलीवर किती दिवस काढले, १९८२ च्या संपात घर कसे चालले. त्यांच्या वडिलांना गिरणीच्या विणकाम खात्यात का घेत नसत, तेही सांगितले. धोट्यातला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा इतरांना चालत नसे. हे सगळे पुस्तकांत आहे, वाचकांना ठाऊक आहे. पण मधेच खोकून आबा विचारतात, "चालू हाय का रं त्ये?" ते कोणत्या पुस्तकात नाही.

२०२१ मध्ये आबा गेले. दुसऱ्या वर्षी आमच्या फोनचा काच फुटला, बॅटरी फुगली. दुकानात जुना फोन देऊन नवा घेतला. दुकानातल्या पोराने विचारलेसुद्धा, "बॅकअप झालाय ना?" आम्ही रुबाबात म्हणालो, "सगळं वर आहे." त्याने जुना फोन पुसला आणि खणात टाकला.

नव्या फोनवर पासवर्ड टाकताच फोटो भराभरा खाली उतरू लागले. नातीचा वाढदिवस, रेशनच्या रांगा, शेजाऱ्यांनी पाठवलेली सुप्रभातची गुलाबाची फुले. आबांच्या वर्षदिनाच्या पुण्यानुमोदनाला आम्ही म्हणालो, "थांबा, आबांचाच आवाज ऐकवतो." पंधरा-वीस माणसे सतरंजीवर बसलेली. आम्ही शोधतो आहोत, पुतण्या शोधतो आहे, थोरली लेक शोधते आहे. आईने शेवटी म्हटले, "असू द्या, चहा थंड होतोय."

नंतर आमच्याच वस्तीतली, संगणकाच्या कंपनीत नोकरीला असलेली एक मुलगी आमच्याकडे तासभर बसली. तिने फोन उलटापालटा पाहिला आणि जे सांगितले ते ऐकून आम्ही डोक्याला हात लावला. फोटोंची ॲप बहुतेक करून फोटो आणि व्हिडिओच वर चढवतात. रेकॉर्डरमधल्या आवाजाच्या फायली त्यांच्या हिशेबातच नसतात. म्हणजे आबांचा आवाज वाटेत हरवला नाही, तो कधी निघालाच नव्हता. चाळीस मिनिटांचा आवाज म्हणजे पस्तीस-चाळीस एमबी. दहा-बारा फोटोंची जागा. गुलाबाची फुले वर राहिली.

"पण बाकीचे तरी सगळे वर आहे ना?" आम्ही विचारले. तर तेही नव्हते. २०१९ मधले तीन महिन्यांचे फोटो गायब. या ॲपमध्ये 'फक्त वाय-फायवर चढव' अशी सोय आधीपासून चालू असते, म्हणजे मोबाइलचा डेटा खर्च होऊ नये. आता आमच्या वस्तीत वाय-फाय कोणाकडे? २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, पण तो सिमकार्डातला. वाय-फाय असलेल्या घरासाठी बनवलेली वस्तू आमच्या घरात आली आणि गपचूप वाट बघत बसली. बारीक अक्षरात लिहिलेले असायचे की वाय-फायची वाट पाहत आहे, पण ते वाचतो कोण? पुतण्या तेव्हा कॉलेजला जाताना स्टेशनवरच्या फुकट वाय-फायवर काम भागवायचा, त्याचे फोटो चढले. आमचे नाही. शिवाय काही फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चाललेले ॲप झोपवतात, म्हणजे अर्धवट चढलेले अर्धवटच राहते.

आमचे तीन महिने नेमके कसे गेले, याचा उलगडा तिने केला तो असा. फोन भरला म्हणून आम्ही एका रात्री बसून जुने फोटो पुसले होते. वर आहेतच, खालचे कशाला, असा विचार. जे चढले नव्हते ते तेथेच संपले. आणि जे चढले होते, ते आम्ही ॲपमध्ये जाऊन पुसले म्हणून वरूनही गेले! ती म्हणाली, "काका, याला सिंक म्हणतात. शाळेत दोन वर्गांत दोन फळे आहेत असं समजा. एकावर लिहिलं की शिपाई दुसऱ्यावर तेच लिहितो. एक पुसला की दुसराही पुसतो. चुकून पुसला की मुद्दाम, हे तो विचारत नाही. सिंक म्हणजे साठवण नव्हे." पुसलेले काही दिवस कचरापेटीत राहते, कुठे तीस दिवस, कुठे साठ. तेवढ्यात आठवले तर परत मिळते. आम्हाला आठवायला तीन वर्षे लागली. खरे तर फोनवरची जागा मोकळी करायला ॲपमध्ये वेगळे बटण असते, ते आधी चढलेले काय ते तपासते आणि फोनवरची प्रत तेवढी काढते. ते बटण आम्ही त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

आजोबांच्या उताऱ्याची गोष्ट त्याच सुमारास उभी राहिली. थोरलीच्या प्रवेशासाठी पडताळणीची फाइल करायची होती. उताऱ्याचा फोटो वर होता, हे नशीब. पण तो निघाला व्हॉट्सॲपवरून भावाकडून आलेला. व्हॉट्सॲप साध्या रीतीने पाठवलेला फोटो दाबून लहान करते. मोठा करून पाहिला तर अक्षरांच्या जागी मुंग्या. (कागदाचा फोटो पाठवायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा, म्हणजे तो आहे तसा जातो. हे एवढे जरी कोणी वाचून लक्षात ठेवले तरी आमचे आजचे लिहिणे वाया गेले नाही.) मूळ कागदाला मधल्या काळात आम्ही हौसेने लॅमिनेशन केलेले, त्या उष्णतेने उरलीसुरली शाईही फिकी पडलेली.

शेवटी धाकटा भाऊ एस.टी.ने गावी गेला. हेडमास्तरांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. पिवळी पाने, कोपरे कुरतडलेले, पण आजोबांचे नाव दौत-टाकाच्या अक्षरात जिथल्या तिथे. सही-शिक्क्याचा नवा उतारा मिळाला. आम्ही इकडे ढगात शोधत होतो आणि आमच्या घराची सर्वांत जुनी प्रत सत्तरेक वर्षे गावच्या शाळेत एका लाकडी कपाटात बसून होती. कुर्ल्याच्या पुराचे पाणी तेथवर पोचणारच नव्हते.

छायाचित्रकार मंडळींत एक नियम सांगतात. मोलाच्या वस्तूच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या वस्तूंवर, आणि त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकाराने तो रूढ केला. आमच्या बाबतीत हेडमास्तरांचे कपाट म्हणजे ती घराबाहेरची प्रत.

आणि कोणी म्हणेल, अडाणी माणसांचे असे होते, तर तसेही नाही. दक्षिण कोरियात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातल्या सरकारी संगणक केंद्राला बॅटरीमुळे आग लागली. सरकारी नोकरांनी आपल्या कामाच्या फायली जेथे ठेवायच्या ती 'जी-ड्राइव्ह' नावाची सोय त्यात जळाली. ८५८ टेराबाइट माहिती होती आणि तिची बाहेर कुठे प्रतच नव्हती, कारण म्हणे तिचा पसारा फार मोठा होता. एवढ्या पुढारलेल्या देशाच्या सरकारची ही ट्रंक! नोव्हेंबर २०२३ मध्ये गूगल ड्राइव्हचा संगणकावरचा प्रोग्रॅम वापरणाऱ्या काही जणांच्या अलीकडच्या फायली दिसेनाशा झाल्या. कंपनीने ते मान्य केले आणि डिसेंबरात परत मिळवण्याचा उपाय दिला.

मग दुसरी जागा कोणती घ्यावी? महिनाभर आमच्या घरात हाच विषय. गूगल १५ जीबी फुकट देते, मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह ५, ॲपलचे आयक्लाउड ५, ड्रॉपबॉक्स २, मेगा २०. फोनच्या एका फोटोला तीन-चार एमबी धरले तर १५ जीबीत चारेक हजार फोटो बसतात. पण चांगल्या प्रतीचा एक मिनिटाचा व्हिडिओच शंभर एमबीच्या वर जातो. एका लग्नाच्या वरातीत सगळे संपले! त्यातून गूगलच्या १५ जीबीत ई-मेलही मोजतात आणि २०२४ पासून अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्यातच. जागा भरली की नवे चढणे थांबते. सूचना येते ती अशा ई-मेलवर, जी आपण उघडत नाही.

फुकट म्हणजे पागडी नाही, भाडे नाही, अशी खोली. मालकाने उद्या अटी बदलल्या तर भांडायला करारनामा नाही. गूगल फोटोजने २०१५ साली हवे तेवढे फोटो फुकट ठेवू असे सांगून सुरुवात केली आणि १ जून २०२१ पासून ते बंद केले. वनड्राइव्हने २०१६ मध्ये फुकटची जागा १५ वरून ५ जीबीवर आणली. ॲमेझॉनने आपले ॲमेझॉन ड्राइव्ह ३१ डिसेंबर २०२३ रोजी बंदच केले. मेगासारख्या काही सेवांत फायली कुलूपबंद असतात, कंपनीलाही उघडता येत नाहीत. ऐकायला छान. पण पासवर्ड आणि सुटकेची किल्ली दोन्ही हरवली तर तुम्हालाही उघडता येत नाहीत. आमच्यासारख्या, पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिणाऱ्या माणसाला ते झेपेल का, याचा विचार आम्ही केला आणि ते सोडून दिले.

पासवर्डपेक्षा मोठा घोळ मोबाइल नंबरचा. आमच्या आक्काचे खाते तिच्या जुन्या नंबरावर. मधे रिचार्ज केला नाही. नव्वद दिवस नंबर वापरला नाही की तो बंद होऊ शकतो आणि पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. आता आक्काच्या खात्याचा ओटीपी कोणा परक्याच्या फोनवर वाजतो. माल आत आहे, दार दिसते आहे, किल्ली भलत्याच्या खिशात. नंबर बदलणार असाल तर आधी खात्यात जाऊन नवा नंबर घाला, मग जुना सोडा. आणि घरातले माणूस गेले असेल तर त्यांच्या खात्याकडेही लक्ष द्या. डिसेंबर २०२३ पासून गूगलचा नियम असा की दोन वर्षे वापरले नाही तर खाते फोटोंसकट पुसले जाऊ शकते. आबांच्या फोनचे खाते आम्ही ऐन वेळी उघडले. त्यात आवाज नव्हता, पण आईचे अकरा फोटो मिळाले. आबा लपूनछपून फोटो काढायचे, हे आम्हाला ठाऊकच नव्हते.

दाखल्यांसाठी मात्र डिजिलॉकर आम्हाला पसंत पडले. १ जुलै २०१५ पासून ही सरकारी सोय आहे. राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार, वाहन परवाना हे त्यात थेट खात्याकडून येतात आणि कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीचे धरले जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेला कागद मात्र नुसती प्रत असते, त्याला तो दर्जा नाही. त्यासाठी जागाही १ जीबी. आजोबांचा उतारा आम्ही त्यात चढवला आहे, पण मूळ कागद पाकिटात, पाकीट प्लॅस्टिकच्या डब्यात आणि डबा माळ्यावर आहे.

पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. वर्षानुवर्षे न वापरता ठेवला तर त्यातले जिरून जाऊ शकते. स्टेशनच्या पुलावर तीनशे रुपयांत मिळणारे, भरमसाट जागा सांगणारे तर बहुधा खोटेच. घालाल तेवढे घेतात, उघडायला गेले की रिकामे. आम्ही शेवटी नेहमीच्या दुकानातून एक हार्ड डिस्क घेतली, त्यासाठी दोन महिने भिशीचे पैसे बाजूला काढले. ती आमच्या घरी ठेवली नाही. कल्याणला आक्काच्या कपाटात ठेवली. तीन-चार महिन्यांनी जाणे होतेच, तेव्हा नवे त्यात उतरवतो. शिवाय एका कंपनीला महिन्याचे थोडे भाडे भरून क्लाउडही ठेवला आहे. टाकून दिलेला नाही. कुर्ल्याला पाणी आले आणि त्याच आठवड्यात कल्याणलाही आले, असे आम्ही २००५ मध्येच पाहिले आहे. दहा-बारा फोटो कागदावर छापून घेतले, त्यांना चार्जिंग लागत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी लेक एक काम करते. तिच्या फोनवर, म्हणजे आमच्या नव्हे, खाते उघडायचे आणि कोणतीही एक फाइल लावून पाहायची. हिरवी खूण दिसते म्हणून सोडून द्यायचे नाही. मागच्या महिन्यात एक फाइल उघडली नाही. नाव दिसत होते, आत काही नव्हते. आक्काला फोन केला, तिच्याकडची चालली.

ती फाइल आईच्या आवाजाची होती. आईला आम्ही आता दर रविवारी बोलते करतो. पहिल्या दिवशी फोन समोर ठेवल्यावर ती म्हणाली, "आबांचं गेलं, तसं हेबी जाईल न्हवं?" आम्ही काय उत्तर देणार? पुढच्या वेळी कल्याणला गेलो तेव्हा आक्काच्या घरातून तिला तिचाच आवाज फोनवर ऐकवला. बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मी येवढी म्हातारी बोलते व्हय?" आणि मग तिने विचारले की १९८२ च्या संपाचे आबांनी काय काय सांगितले होते. आठवेल तेवढे आम्ही सांगितले. ती म्हणाली, त्यातले निम्मे खोटे आहे. तेव्हा भाजीची पाटी घेऊन दारोदार मी हिंडत होते, ते नव्हेत. येत्या रविवारी ती आपल्या बाजूने सांगणार आहे. फोन रिकामा करून ठेवला आहे.